मामा, कुठली सायकल घेऊ?

भाच्याचा मेसेज आला रात्री साडेअकराला. "मामा मला रेसिंग करायचंय, कुठली सायकल घेऊ?" आणि खाली चार लिंक, चारही कार्बन फ्रेमच्या, त्यातल्या दोन तर अशा की माझ्या सायकलची मान खाली जावी. वय वर्षं १५. मी रिप्लाय केला की फोन करतो आणि केला नाही, कारण सांगायचं एवढं आहे की फोनवर तो "हं... हं..." करत बसला असता आणि शेवटी परत विचारलं असतं, बरं पण सायकल कुठली? म्हणून इथे लिहून काढतोय. त्याला लिंक पाठवीन, त्याच्याच भाषेत.

आधीच सांगतो, मी काही मोठा रेसर नव्हतो. पंधराव्या वर्षी सुरू केलं, पाच-सहा सीझन रेस केल्या, आयुष्यात दोन जिंकल्या आणि त्यातली एक छोटीशी टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेली रेस होती जिच्यात आमच्या कॅटेगरीत पाचच जण होते, त्यातल्या एकाची चेन उतरली. पण पहिल्या वर्षी काय काय चुकतं याचा अनुभव माझ्याइतका फार कमी लोकांकडे असेल.

सायकलचं लगेच उरकून टाकू. माझ्या बाबांनी माझी पहिली रोड बाइक एक साइज मोठी घेतली होती, वाढत्या अंगाला होईल म्हणून, शाळेचा युनिफॉर्म घेतात तसं. युनिफॉर्मच्या बाह्या दुमडता येतात, सायकलच्या नाही येत. हँडल इतकं लांब होतं की ब्रेकवर हात ठेवायचा तर कोपर सरळ ताठ व्हायची, आणि कोपर ताठ म्हणजे रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मानेत, आणि वळणावर सायकल कुठे जायचं ते स्वतः ठरवणार. तेव्हा आज जी बसते तीच घ्यायची, सेकंडहँड घ्यायची, अॅल्युमिनियमची घ्यायची, कारण दीड-दोन वर्षांत तू उंच होणार आहेस आणि ती विकायची आहे. शिवाय पहिल्या वर्षी तू तिला आडवी पाडणारच आहेस, एकदा तरी. हे शाप म्हणून नाही सांगत, हिशोब म्हणून सांगतोय. उरलेले पैसे चांगल्या टायरवर, नीट बसणाऱ्या हेल्मेटवर आणि पॅड असलेल्या शॉर्ट्सवर घाल. आणि हेल्मेट एकदा आपटलं की वरून कितीही छान दिसलं तरी नवीन, यात वाद नाही.

सीटची उंची दर दोन-तीन महिन्यांनी बघायची, हे मला कोणी सांगितलं नाही. मी एका सीझनमध्ये सहा सेंटिमीटर वाढलो आणि सीट होती तिथेच, मग गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला आणि घरात सगळे म्हणाले बघ, सायकल झेपत नाही याला. झेपत होती हो, सीट खाली होती! एक जुनं गणित आहे, चप्पल-बूट काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्यायचं आणि ०.८८३ ने गुणायचं, तेवढं अंतर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत. ते काही देवाचं वाक्य नाही, पण सुरुवात करायला बरं पडतं, पुढे आपापलं वर-खाली करून घ्यायचं.

आता खरं सांगायचं ते.

माझी पहिली रेस. छोट्या सर्किटवरची, दहा-बारा लॅप, चाळीसेक पोरं. मी त्याआधी तीन महिने एकटाच सायकल हाणत होतो, स्पीडोमीटरकडे बघत, आणि एकट्याने तासभर ताशी ३२-३३ किलोमीटरचा अॅव्हरेज निघत होता म्हणून मला वाटत होतं आपण पहिल्या दहात तरी येऊ. स्टार्टच्या आधी सायकली तपासणाऱ्या काकांनी मला थांबवलं, कारण माझ्या हँडलच्या एका टोकाचं बूच पडलेलं होतं. उघडी नळी पडताना मांडीत घुसू शकते म्हणून तसं रेसला उभंच राहू देत नाहीत. मला माहीतच नव्हतं. शेवटी कोणीतरी जुन्या बार टेपचा बोळा करून आत कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली, मी धावत-पळत लाइनीत सगळ्यात मागे जाऊन उभा राहिलो. नंबर लावताना पिना जर्सीच्या मागच्या खिशातून आरपार गेल्या होत्या ते नंतर कळलं, खिसा शिवल्यासारखा बंद, खायला ठेवलेलं आतच.

शिट्टी वाजली आणि मी दुसऱ्या लॅपला ड्रॉप झालो. दुसऱ्या! अर्धी पोरं माझ्यापेक्षा बारीक होती, एक तर माझ्या खांद्याला लागेल एवढा होता आणि तो आरामात गप्पा मारत गेला माझ्या पुढून. मी जिवाच्या आकांताने पेडल मारतोय, तोंडात रक्ताची चव, आणि ग्रुप आधी दहा मीटर, मग तीस, मग वळणापलीकडे गायब. पुढचे काही लॅप एकट्याने मारले आणि पुढचे लोक पूर्ण एक फेरी जास्त मारून मला मागे टाकून गेले तेव्हा ऑफिशियलने बाहेर काढलं. निकालात माझ्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे रेस पूर्ण केली नाही. घरी येताना गाडीत कोणी काही बोललं नाही.

मला तेव्हा वाटलं पाय कमी पडले. म्हणून पुढचे दोन महिने अजून जास्त एकट्याने हाणली. आणि दुसऱ्या रेसला चौथ्या लॅपला ड्रॉप.

मग क्लबमधल्या एका सीनिअर दादाने, ज्याने माझी दुसरी रेस बाहेर उभं राहून बघितली होती, मला विचारलं, तू शेवटच्या नंबरावर का बसतोस? मी म्हटलं मागे सेफ वाटतं, आणि मागे हवा लागत नाही ना. तो हसला नुसता. म्हणाला पुढच्या वेळी वळणावर बघ काय होतं.

काय होतं ते समजून घे, कारण नवीन पोरांपैकी बहुतेक इथेच मरतात. ग्रुप वळणावर आला की पुढचे दोघं-तिघं आपल्या मर्जीने, समजा ३८ च्या स्पीडने वळतात. त्यांच्या मागचा किंचित ब्रेक दाबतो. त्याच्या मागचा जरा जास्त. असं करत करत चाळिसाव्या माणसापर्यंत येता येता स्पीड २५ वर आलेला असतो, आणि तो वळणात शिरतो तोपर्यंत पुढचे वळणाबाहेर पडून परत पळायला लागलेले. म्हणजे त्याला २५ वरून ४५ वर जायचं, पूर्ण स्प्रिंट मारून, नुसतं ग्रुपला चिकटून राहण्यासाठी. एका लॅपला चार वळणं, दहा लॅप, झाले चाळीस स्प्रिंट. पुढच्याने तीच रेस जवळपास एकाच लयीत काढलेली असते. पेटीचा भाता कसा उघडतो-मिटतो तसा ग्रुप लांब-आखूड होत राहतो आणि सगळा धक्का शेपटीला बसतो. तो खांद्याएवढा पोरगा माझ्यापेक्षा ताकदवान नव्हता, तो सातव्या नंबरवर होता एवढंच.

हवेचं गणित त्याच्या वर. सपाट रस्त्यावर तिशीच्या पुढे गेलं की आपली बहुतेक ताकद हवेशी भांडण्यात जाते, आणि पुढच्याच्या चाकामागे नीट बसलं तर साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. २०१८ मध्ये आइंडहोवन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १२१ रायडरच्या पेलोटनचा, म्हणजे रेसमधल्या मुख्य ग्रुपचा, कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये अभ्यास केला होता, त्यात निघालं की ग्रुपच्या पोटात, मागच्या बाजूला बसलेल्याला एकट्याने चालवताना लागतो त्याच्या फक्त ५ ते १० टक्के हवेचा विरोध लागतो. आता आपल्या चाळीस पोरांच्या विस्कटलेल्या ग्रुपमध्ये एवढं काही मिळणार नाही, पण अंदाज आला असेल. म्हणून एकट्याचा ३३ चा अॅव्हरेज घेऊन रेसला जाणं म्हणजे आरशासमोर बॉक्सिंग करून रिंगमध्ये उतरण्यासारखं आहे.

मग करायचं काय, तर चाक धरायला शिकायचं. हा शब्द आमच्यात सतत वापरतात, "त्याचं चाक धर", "चाक सोडू नको", म्हणजे त्याच्या मागच्या चाकापासून फूट-दीड फुटावर स्वतःचं पुढचं चाक ठेवून बसणं. पहिल्यांदा भीती वाटते, वाटायलाच हवी. सुरुवातीला एक मीटर सोड, मग हळूहळू कमी कर. आणि नजर चाकावर खिळवायची नाही! सगळे नवीन हेच करतात, चाकाकडे टक लावून बघतात आणि त्याने जरा ब्रेक मारला की आपटले. नजर त्याच्या कमरेवर, खांद्यावर, शक्य असेल तर त्याच्याही पुढच्यावर. चाक आपोआप डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसत राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकात चाक अडकवायचं नाही. म्हणजे तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, एकमेकांना ओव्हरलॅप होईल असं ठेवायचं नाही. मी शिकलो कसं ते सांगतो. ट्रेनिंग राइड होती, रेससुद्धा नव्हती. मी पुढच्याच्या डाव्या बाजूला अर्धं चाक आत होतो, पाण्याची बाटली काढायला खाली वाकलो, त्याच क्षणी त्याने खड्डा चुकवायला डावीकडे घेतली. त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला घासलं, झिर्र असा आवाज, अजून आठवतो, आणि पुढच्या सेकंदाला मी रस्त्यावर. त्याला कळलंसुद्धा नाही! कारण ज्याचं मागचं चाक असतं त्याला नुसता हिसका बसतो, ज्याचं पुढचं चाक असतं तो पडतो, त्याचं स्टिअरिंगच जातं ना. कॉलरबोन. सहा आठवडे. परीक्षेचा एक पेपर डाव्या हाताने लिहिला, माझं अक्षर आधीच दिव्य आहे, तपासणाऱ्याचे काय हाल झाले असतील देव जाणे.

याची प्रॅक्टिस रस्त्यावर नाही करायची. गवताचं मैदान शोधायचं, एक मित्र पकडायचा, चालण्याच्या स्पीडने शेजारी शेजारी सायकल चालवायची आणि खांद्याला खांदा लावून एकमेकांना ढकलायचं, कोपरं घासायची, मग मुद्दाम हलकेच चाकाला चाक लावायचं आणि बॅलन्स सांभाळायचा. पडलात तर गवतावर पडाल, हसाल. आम्ही दर रविवारी अर्धा तास हे करायचो आणि सांगतो, पायाच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा याने माझ्या रेस जास्त सुधारल्या. कारण ग्रुपमध्ये कोणाचं कोपर लागलं की घाबरून ब्रेक दाबणारा माणूस दर लॅपला पाच जागा मागे जातो.

वळणाचं पण तसंच. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरचा पाय खाली, त्याच्यावर वजन, हात खालच्या हँडलवर आणि बघायचं जिथे जायचंय तिथे. ज्या दगडाकडे बघशील त्या दगडावर जाशील, हे शंभर टक्के खरं आहे.

क्लीटवाल्या, म्हणजे ज्यात बूट अडकून बसतो त्या पेडलबद्दल एकच, स्प्रिंग एकदम ढिली ठेव आणि सिग्नलला उभ्या-उभ्या, सगळ्यांसमोर, सावकाश आडवा पडायची तयारी ठेव. तिथून कोणी सुटलेलं नाही.

कॅटेगरीचा एक घोळ लवकर समजून घे. वय वाढदिवसाने नाही, वर्षाने मोजतात. ज्या वर्षी तू १७ पूर्ण करणार त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून तू ज्युनिअर, १७ आणि १८ ही दोन वर्षं ज्युनिअरची. मी डिसेंबरचा, म्हणजे जवळजवळ अख्खं पहिलं ज्युनिअर वर्ष मी १६ चाच होतो आणि समोर जानेवारी-फेब्रुवारीची, दाढी आलेली, वर्षभराने मोठी पोरं. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढं! आणि वर्षाचं सोडच, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोघांत एक आधी वाढतो, एक नंतर. चौदा-पंधराला सगळं जिंकणारा अनेकदा फक्त लवकर मोठा झालेला असतो. आमच्यात एक होता, सगळे त्याला घाबरायचे, १८ ला बाकीचे त्याच्याएवढे झाले आणि त्याच्याकडे ग्रुपमधलं काहीच कसब नव्हतं कारण त्याला कधी गरजच पडली नव्हती, तो नुसता पुढे निघून जायचा.

आमच्या वेळी ज्युनिअरला गिअरचं बंधन होतं, ते २०२३ पासून यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने काढलं. तेव्हा क्रँक एक फेरा फिरला की सायकल जास्तीत जास्त ७.९३ मीटरच पुढे गेलेली चालायची, म्हणजे पुढे ५२ दात असतील तर मागे १४ च्या खाली नाही. रेसनंतर रांगेत उभं करायचे, जमिनीवर दोन पट्ट्या मारलेल्या, सगळ्यात जड गिअरवर टाकून सायकल उलटी ढकलत न्यायचे आणि पट्टीच्या पुढे गेली तर बाद. एका मित्राने नवीन जाड टायर टाकले होते, रेसच्या सकाळी स्वतः मोजून बघितलं तर चाक पट्टीच्या बोटभर पुढे, मग आम्ही हळूच हवा सोडली, परत मोजलं, परत सोडली, शेवटी बसलं एकदाचं. आता हे सगळं गेलं. बरं झालं की वाईट यावर आमचा ग्रुप अजून भांडतो. मला विचारशील तर त्या छोट्या गिअरमुळे पाय भराभर फिरवायची सवय लागली, ५२-१४ वर ताशी ५२ किलोमीटरचा स्पीड हवा असेल तर मिनिटाला ११० फेरे मारायलाच लागतात, इलाजच नसायचा. तुला मोठा गिअर मिळेल म्हणून तो लावून ताकदीने ढकलत बसू नको, गुडघे तुझेच आहेत.

ट्रेनिंगवर फार लिहीत नाही, त्यावर व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यातले निम्मे पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद मोजायचं यंत्र, विकायला बनवलेत. आठवड्यात दोनच दिवस जोरात, बाकीचे दिवस इतकं हळू की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे सुट्टी, मित्रांबरोबर क्रिकेटचे चाळीस ओव्हर नाही. झोप जितकी मिळेल तितकी कमी.

पण वजनाबद्दल लिहिणार, कारण यावर कोणी मुलांशी धड बोलत नाही. मी १६ चा असताना कोणीतरी सहज म्हणालं की चढाला तू जड पडतोस. झालं. मी जेवण अर्धं केलं. पहिले तीन आठवडे खरंच चढाला हलकं वाटलं आणि तोच घात झाला, वाटलं चाललंय बरोबर. मग थंडी वाजायला लागली, चिडचिड, झोप नाही, साधी सर्दी महिनाभर टिकली आणि रेसला पाय म्हणजे ओले लाकडाचे ओंडके. वाढत्या वयात शरीराला जेवढं लागतं त्यापेक्षा कमी इंधन देऊन वर ट्रेनिंग केलं की हाडं, हार्मोन, सगळंच बिघडतं, डॉक्टर लोक त्याला रेड-एस म्हणतात. मुलींमध्ये पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि ते "ट्रेनिंगमुळे होतं" म्हणून सोडून द्यायचं नसतं, सरळ डॉक्टरकडे जायचं. मुलांनाही होतं, फक्त असं ठळक दिसत नाही. त्यात सायकलिंगमध्ये हाडांवर आपटण्याचा भार येत नाही, त्यामुळे सायकलवाल्यांची हाडं तशीही फार दणकट नसतात, म्हणून आठवड्यातून दोनदा उड्या, धावणं, वजन उचलणं हे पण करायचं. आणि रेस तासाच्या पुढची असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात जायला हवेत, भूक लागायच्या आधीच. पिना खिशातून आरपार मारू नकोस म्हणजे झालं.

आणि हो, ताई-भावजी हे वाचणार म्हणून, "आता सुरू करून काय उपयोग, बाकीचे आठव्या वर्षापासून करतायत" हे काढून टाका. बेल्जियमचा रेसर रेम्को एव्हनपुल १७ वर्षांचा होईपर्यंत फुटबॉल खेळत होता, २०१७ मध्ये सायकलवर आला आणि २०१८ ला इन्सब्रुकला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस आणि टाइम ट्रायल दोन्ही जिंकला. स्लोव्हेनियाचा रेसर प्रिमोझ रोग्लिच तर स्की जंपर होता, विशीनंतर रेसिंगला लागला. अर्थात ही दोघं म्हणजे लाखात एक, त्यांच्याकडे बघून शाळा सोडायची नाही. रेसला येऊन बाहेर उभं राहा, बाटली द्या, आणि परत जाताना गाडीत कितवा आलास एवढं विचारू नका. मला बाबांनी एकदा विचारलं होतं, "आज किती लॅप ग्रुपमध्ये होतास?" त्याचं उत्तर मी घरापर्यंत देत होतो.

हे सगळं मी तीन आठवडे तुकड्या-तुकड्याने लिहीत बसलो आणि तेवढ्यात पठ्ठ्याने क्लबमधल्या कोणाची तरी जुनी सायकल मागून आणून एक रेस मारूनसुद्धा टाकली. काल फोन आला, "मामा, ड्रॉप झालो." कितव्या लॅपला? "पाचव्या." मी विचारलं ग्रुपमध्ये कुठे बसला होतास, तर म्हणे, "मागेच, सेफ वाटतं ना."

रविवारी गवतावर भेटतोय आम्ही.